रात्री तीनला डोळा उघडतो? आधी झोपेवरचं व्याज थांबवा



ट्रेनिंगमध्ये आपण भांडवलावर बोलतो, मार्जिनवर बोलतो, उधारी आणि जीएसटीवर बोलतो. हे प्रश्न लोक हॉलमध्ये सगळ्यांसमोर विचारतात. पण एक प्रश्न चहाच्या सुट्टीत, बाजूला घेऊन, हळू आवाजात येतो. "सर, धंदा चालू आहे, पण झोप गेली. अकराला पडतो, तीनला डोळा उघडतो, मग सकाळपर्यंत नुसता हिशोब."

व्हिडिओत हा विषय दहा मिनिटांत उरकावा लागला, म्हणून इथे सविस्तर लिहितो. झोप मोडलेला माणूस दुकान उघडतो, पण दिवसभर चुकीच्या गोष्टींना हो म्हणतो. ज्याला उधार द्यायला नको त्याला देतो, ज्याच्यावर चिडायला नको त्या गिऱ्हाईकावर चिडतो, घाईघाईत दुसरं कर्ज उचलतो. ग्राइंडरवर किंवा गिरणीच्या पट्ट्याजवळ काम असेल तर बोटांचाही प्रश्न असतो. म्हणून हा धंद्याचाच विषय आहे असं समजून वाचा.

धडपड्या माणसाची रात्र

आज आपण फुलसावंगी डोळ्यासमोर ठेवू. यवतमाळ जिल्ह्यातलं, महागाव तालुक्यातलं गाव. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. अशा गावात कोणताही धंदा टाका, किराणा असो, कृषी केंद्र असो, वेल्डिंगचं शॉप असो की ब्यूटी पार्लर, पैसा शेवटी शेतातूनच येतो. आणि शेत दर महिन्याच्या एक तारखेला पगार देत नाही. "भाऊ, सोयाबीन निघालं की देतो", "कापूस विकला की पहिले तुमचे", हे वाक्य ऐकूनच इथला दुकानदार म्हातारा होतो. गिऱ्हाईक वर्षातून एक-दोनदा पैसे देतं, पण बँकेचा हप्ता, दुकानाचं भाडं आणि लाईट बिल दर महिन्याला येतं. ही जी मधली फट आहे ना, ती रात्री तीनला उघडते.

त्यात गावाकडची रात्र शांत असते हा शहरातल्या लोकांचा समज आहे. रानडुक्कर आणि रोही पिकात शिरतात म्हणून जागलीला जावं लागतं. मोटारपंपाची लाईन रात्रीची असली तर मध्यरात्री पाणी धरायला उठावं लागतं. बऱ्याच जणांचं शेतही असतं आणि दुकानही असतं. म्हणजे झोप दोन्हीकडून कापली जाते.

फुलसावंगी म्हटलं की अनेकांना एक नाव आठवेल. शेख इस्माईल, गावाचा 'मुन्ना हेलिकॉप्टर'. आठवीपर्यंत शिकलेला वेल्डिंग कारागीर, यूट्यूबवर बघून बघून त्याने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर उभं केलं. ऑगस्ट 2021 मध्ये रात्रीच्या चाचणीच्या वेळी पातं तुटून डोक्याला लागलं आणि तो गेला. त्या अपघाताचा झोपेशी संबंध होता असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं बरोबरही नाही. नाव घेतलं ते आदराने, आणि एका कारणासाठी. आपल्याकडे जिद्दी माणसाचं कौतुक करताना आपण पटकन म्हणतो, 'त्याने रात्रीचा दिवस केला.' दिवस पोटाच्या कामाला जातो आणि स्वप्नासाठी रात्रच उरते, हे खरं आहे. पण रात्रीचा दिवस करणं हा महिन्यातला एखादा दिवस असू शकतो. रोजची पद्धत झाली की दिवसाचीच रात्र होते.

मध्येच जाग येणं म्हणजे आजार नाही

आधी एक भीती काढून टाकू. रात्रीत एक-दोनदा जाग येणं हे अगदी नॉर्मल आहे. झोप ही एका दमात लागत नाही, तिचे फेरे असतात. एक फेरा साधारण दीड तासाचा. गाढ झोप बहुतेक पहिल्या अर्ध्या रात्रीत होऊन जाते. नंतरच्या अर्ध्या रात्रीत झोप पातळ होते, स्वप्नं जास्त पडतात, आणि प्रत्येक फेऱ्याच्या टोकाला आपण जवळजवळ जागे होतो. कुशी बदलतो आणि परत झोपतो, सकाळी आठवतही नाही.

म्हणजे तीन वाजता जाग येण्यात विशेष काही नाही. प्रश्न असतो तो जाग आल्यावर पहिल्या मिनिटात डोक्यात काय शिरतं याचा. 'अरे, शुक्रवारी हप्ता आहे' हे शिरलं की छाती धडधडते, शरीराला वाटतं संकट आलं, आणि मग झोप कसली!

वर तीन-चार वाजता मन ज्या पद्धतीने विचार करतं ती पद्धतही लक्षात घ्या. त्या वेळी समोर वही नसते, फोन लावायला कोणी नसतं, बँक बंद असते. करण्यासारखं काहीच नसतं, फक्त काळजी करता येते. म्हणून सगळ्या रकमा मोठ्या दिसतात आणि सगळ्या तारखा उद्याच आहेत असं वाटतं. रात्रीच्या हिशोबावर कधी निर्णय घेऊ नका. तो हिशोब वहीशिवाय केलेला असतो.

मुद्दल वेगळं, व्याज वेगळं

आता आजच्या विषयाचा गाभा सांगतो. झोपेवर काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी 1980 च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली. निद्रानाश सुरू होण्याचं कारण एक असतं, आणि तो चालू राहण्याचं कारण दुसरंच असतं. सुरुवात एखाद्या धक्क्याने होते. पण झोप भरून काढायला माणूस जे उपाय करतो, त्याच उपायांमुळे ती पुढे महिनोन्महिने येत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर धक्का हे मुद्दल, आणि उपाय म्हणून लागलेल्या सवयी हे व्याज.

समजा सोयाबीनचा भाव पडला, लोकांनी पैसे दिले नाहीत आणि तुमची आठ दिवस झोप उडाली. हे झालं मुद्दल. आता व्याज कसं चढतं बघा.

रात्री झोप झाली नाही म्हणून सकाळी आठपर्यंत लोळलात. दुपारी दुकानात सुस्ती आली म्हणून दोन तास झोपलात. संध्याकाळी ताजंतवानं वाटावं म्हणून चहाचे तीन कप जादा झाले. कामात तरतरी यावी म्हणून खर्रा वाढला. रात्री लवकर झोप लागेल म्हणून नऊलाच आडवे झालात आणि अकरापर्यंत कूस बदलत राहिलात. जाग आली की मोबाईल उघडला, आधी बाजारभाव, मग व्हॉट्सॲप, मग रील. कोणीतरी म्हणालं 'एक पेग घे, मस्त झोप लागते', म्हणून तेही सुरू झालं.

दोन महिन्यांनी उधारी वसूल होते. मुद्दल फिटतं. झोप मात्र परत येत नाही, कारण व्याज चालूच आहे. म्हणूनच कितीतरी जण म्हणतात, "आता टेन्शन काही नाही, तरी झोप का नाही?"

मुद्दल फेडायला वेळ लागेल. सोयाबीन निघेल तेव्हाच निघेल. पण व्याज थांबवणं आज रात्रीपासून तुमच्या हातात आहे.

जास्त वेळ पडून राहिल्याने झोप वाढत नाही

याचा एक चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. चेन्नईमध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी कमी उत्पन्नाच्या 452 लोकांवर प्रयोग केला. 2021 मध्ये तो अर्थशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. ही माणसं रोज डेटा एन्ट्रीचं काम करत होती आणि त्यांच्या मनगटावर झोप मोजणारं यंत्र होतं. रात्री ती सरासरी आठ तास अंथरुणात असत, पण खरी झोप साधारण साडेपाच तासच. उकाडा, डास, आवाज, काळजी, रात्रभर तुकडे तुकडे.

मग काही जणांना सल्ला दिला, उशांसारख्या वस्तू दिल्या, काहींना जास्त झोपल्याबद्दल पैसेही दिले. त्यांची झोप रोज सुमारे 27 मिनिटांनी वाढली. पण त्यासाठी ती अंथरुणात त्याहूनही जास्त वेळ पडून राहिली. परिणाम? कामात आणि कमाईत सुधारणा दिसली नाही. उलट दुपारी कामाच्या जागीच शांत कोपऱ्यात अर्ध्या तासाची सोय करून दिली, तेव्हा छोट्या डुलकीने कामाचा वेग आणि मन दोन्ही सुधारलं. डुलकीत गेलेला वेळ कामातून कमी झाला हेही खरं, त्यामुळे ती फुकट नव्हती.

आपल्यासाठी यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, तुटक झोपेत नुसते तास वाढवून भागत नाही. झोप सलग कशी होईल ते बघायचं. दोन, आपल्या आजोबांची वामकुक्षी हा आळस नव्हता. फक्त ती वीस ते तीस मिनिटांची ठेवा, तीनच्या आत उरका, आणि गजर लावा. दोन तासांची दुपारची झोप म्हणजे रात्रीच्या गल्ल्यातून काढलेली रक्कम.

संध्याकाळची वही: काळजीला दुकानातच कुलूप

रात्री जो हिशोब डोक्यात फिरतो, तो संध्याकाळी कागदावर करायचा. रोजमेळ लिहून झाला, गल्ला मोजून झाला की शटर ओढण्याआधी दहा मिनिटं. वेगळी छोटी वही ठेवा. एका पानावर उभी रेघ मारा. डाव्या बाजूला 'काय खटकतंय', उजव्या बाजूला 'पुढचं एक पाऊल, कोण, कधी'.

डाव्या बाजूला 'बँकेचा हप्ता' एवढंच लिहिलं तर रात्री तो परत येईल. उजव्या बाजूला लिहा, 'उद्या 11 वाजता शाखेत जाऊन मॅनेजरला भेटणे, हप्ता दहा दिवस उशिरा भरला तर किती दंड ते विचारणे.' 'उधारी फार झाली' असं मोघम लिहू नका. 'उद्या सकाळी पहिल्या तिघांना फोन, नावं अशी अशी' असं लिहा.

हे नुसतं मनाचं समाधान नाही. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 57 तरुणांवर अभ्यास झाला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांची कामं लिहिली, काहींनी झालेली कामं लिहिली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. आणि यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

आता उदाहरण घेऊ. समजा तुमचं कृषी केंद्र आहे. जूनमध्ये बियाणं-खत दिलं, 18 जणांकडे मिळून 1,40,000 रुपये अडकले. रात्री तीनला 18 चेहरे डोळ्यासमोर फिरतात. संध्याकाळी वही उघडून मोठी रक्कम वर, छोटी खाली अशी यादी केली, तर दिसतं की 90,000 रुपये फक्त पाच जणांकडे आहेत. म्हणजे या महिन्यात पाचच माणसांना भेटायचंय. 18 जणांची काळजी करत बसलात तर झोप जाते. पाच जणांना भेटायचं ठरवलं तर ते उद्याचं काम होतं.

वसुलीच्या फोनबद्दलही बोलू, कारण अनेकांची झोप त्या फोननेच जाते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट केलंय की थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही. बचत गटातल्या ताईंनी लक्षात ठेवा, मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी ही वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6 इतकीच आहे. नियम मोडला जात असेल तर तारीख आणि वेळ वहीत लिहा आणि आधी त्या संस्थेकडेच लेखी तक्रार द्या. आणखी एक, हप्ता चुकला की दुसऱ्याच दिवशी सगळं संपत नाही. कर्ज थकीत होऊन 90 दिवस उलटले की ते बुडीत वर्गात जातं. त्याआधी दंड लागतो, सिबिल स्कोअर बिघडतो, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. पण हप्ता चुकण्याआधी बँकेत स्वतः जाऊन बोलायला तुमच्याकडे दिवसाचा वेळ आहे. रात्रीचं मन हे विसरतं, म्हणून वहीत लिहून ठेवा.

जाग आलीच तर काय करायचं

1. घड्याळ बघू नका. 'तीन वाजले, आता तीनच तास उरले' हा हिशोबच झोप घालवतो. मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा हाताला येणार नाही इतक्या लांब चार्जिंगला लावा. गजरासाठी शंभर-दोनशे रुपयांचं साधं घड्याळ घ्या आणि त्याचं तोंड भिंतीकडे फिरवा.

2. अंदाजे पंधरा-वीस मिनिटं झोप येत नाहीये असं वाटलं तर उठा. अंथरुणात तळमळत राहू नका. बाहेर ओसरीत किंवा दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा. वाती वळा, शेंगा निवडा, जुनं मासिक चाळा, नामस्मरण करा. कंटाळवाणं काहीही चालेल. दुकानाची वही आणि मोबाईल चालणार नाही.

3. डोळे जड झाले की परत आडवे व्हा. परत झोप नाही आली तर परत उठा. पहिल्या काही रात्री हे त्रासाचं वाटेल, पण करा.

याच्या मागचं कारण सोपं आहे. अमेरिकेतल्या रिचर्ड बूट्झिन यांनी 1972 मध्ये ही पद्धत मांडली. माणूस रोज अंथरुणात जागा राहून काळजी करतो, तेव्हा अंथरूण हीच काळजीची जागा बनते. गादीला पाठ लागली की डोकं चालू. आपल्याला गादी आणि झोप यांची जुनी जोडी परत जमवायची आहे. म्हणून गादीवर जेवण नाही, हिशोब नाही, टीव्ही नाही, गिऱ्हाईकाचे मेसेज नाहीत. एकाच खोलीचं घर असेल तर निदान सतरंजी वेगळी ठेवा, बसायची एक आणि झोपायची एक.

अंथरुणातला वेळ आधी कमी करा

हे ऐकायला उलटं वाटतं, पण जुन्या निद्रानाशावर सगळ्यात कामाला येणाऱ्या उपायांपैकी हा एक आहे. हिशोब करून बघू.

समजा तुम्ही रात्री दहाला आडवे होता आणि सकाळी साडेसहाला उठता. अंथरुणात साडेआठ तास. खरी झोप सहा तास. म्हणजे शंभरातले सत्तर. तीस टक्के माल रोज खराब! दुकानात असं झालं तर काय कराल? माल कमी भराल. इथेही तेच करायचं.

उठण्याची वेळ पक्की करा, समजा साडेपाच. रविवार असो, लग्न असो, साडेपाच म्हणजे साडेपाच. आता मागे मोजत या. खरी झोप सहा तास आहे, त्यात अर्धा तास धरा, साडेसहा तास. म्हणजे अकराच्या आधी अंथरुणाला पाठ टेकायची नाही, झोप आली तरी. पहिला आठवडा दिवसा डोळे जड होतील. पण त्या ओढीमुळेच झोप घट्ट होते, तुकडे जोडले जातात. आठवडाभर शंभरातले पंच्याऐंशी किंवा जास्त झोप होऊ लागली की पंधरा मिनिटं वाढवा, अकराऐवजी पावणेअकरा. मग परत आठवडा थांबा.

तीन सूचना पाळाच. साडेपाच तासांच्या खाली वेळ आणू नका. ज्यांना फिट येतात किंवा कधी मन अति उत्साहात आणि अति उदासीत जाण्याचा आजार आहे, त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि गाडी चालवणं, उंचावर चढणं, यंत्रावर काम करणं हे रोजचं असेल, तर पहिल्या दोन आठवड्यांत विशेष सांभाळा.

जागलीची किंवा पाणी धरायची रात्र असेल त्यांनी काय करायचं? घरात पाळी लावा, म्हणजे एकाच माणसावर सलग रात्री येणार नाहीत. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी थोडं जास्त झोपलात तरी चालेल, पण सकाळी उठायची वेळ शक्यतो तीच ठेवा. आणि त्या दिवशी कोणताही मोठा सौदा, सही किंवा लांबचा गाडीचा प्रवास करू नका.

चहा, खर्रा, पेग आणि उकाडा

चहातलं कॅफिन पोटात गेल्यावर साधारण पाच तासांनीही निम्मं शिल्लक असतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासोबत घेतलेला अर्धा अर्धा कट मोजा. दुपारी तीननंतर पाहुण्याला चहा द्या, आपण पाणी घ्या.

तंबाखूतलं निकोटिन उत्तेजक आहे. झोपण्याआधीचा खर्रा किंवा बिडी म्हणजे मेंदूला दिलेली हाक. एकदम सुटत नसेल तर निदान संध्याकाळी सातनंतरचा बंद करा.

दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण ती उतरते तेव्हा उत्तररात्रीची झोप फाटते. तीन-चारची जाग अनेकांना त्यातूनच येते. वर लघवीला उठावं लागतं आणि घोरणं वाढतं ते वेगळंच.

गाढ झोपेसाठी अंग थोडं थंड व्हावं लागतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या रात्री हे सोपं नाही. झोपण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ करा, पत्र्याच्या खोलीऐवजी गच्चीवर किंवा अंगणात मच्छरदाणी लावून झोपा, कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवा. जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी. दुकान नऊला बंद होत असेल तर सातला दुकानातच डबा खा, घरी जाऊन झणझणीत रस्सा ओरपून लगेच आडवं होऊ नका. आम्लपित्तानेही मध्यरात्री जाग येते.

कधी स्वतः उपाय न करता डॉक्टरकडे जायचं

सगळी जाग काळजीची नसते. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं आणि तहानही फार लागते, तर साखर तपासा. पुरुषांमध्ये वय वाढल्यावर प्रोस्टेटही कारण असू शकतं. मोठ्याने घोरता, घोरताना श्वास थांबतो असं घरचे सांगतात, आणि दिवसा दुकानात बसल्या बसल्या डुलक्या लागतात, तर ते श्वासाच्या अडथळ्याचं लक्षण आहे. आडवं झाल्यावर पायात मुंग्या येतात, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, तर रक्तातलं लोह तपासून घ्या, विशेषतः ताईंनी. चाळिशीच्या पुढे ताईंना रात्री अचानक गरम होऊन घाम फुटत असेल, तर तो पाळी जाण्याच्या वयाचा बदल असू शकतो. त्यावर उपचार आहेत, सहन करत बसू नका.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, असं तीन महिने चाललं तर तो जुना निद्रानाश समजतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तिथून गरजेप्रमाणे यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येतं. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलंय की मोठ्यांच्या जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नाही. विचार आणि सवयी बदलण्याची पद्धत आधी. वर सांगितलेले उठून बसणं आणि वेळ कमी करणं हे तिचेच भाग आहेत. म्हणून मेडिकलमधून स्वतःच झोपेची गोळी आणू नका, शेजाऱ्याची उरलेली तर अजिबात नाही. आधीपासून चालू असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

आणि एक गोष्ट अगदी सरळ सांगतो. पहाटेच जाग येते, कशातच मन लागत नाही, 'आपण नसलो तर बरं' असा विचार येतो, तर तो थकव्याचा किंवा आळसाचा प्रश्न नाही, तो उपचाराचा प्रश्न आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्याने कर्जापायी खूप माणसं गमावली आहेत. 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. रात्री तीनला सगळं बंद असतं असं वर म्हटलं ना, हा नंबर चालू असतो. दुकानाच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. तुम्हाला लागला नाही तरी उधारी मागायला गेलात त्या माणसाला लागू शकतो.

आजपासून चौदा दिवस

एकदम सगळं करू नका. पहिले सात दिवस फक्त तीन गोष्टी: उठण्याची वेळ पक्की, संध्याकाळची वही, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. पुढचे सात दिवस दोन जोडा: तीननंतर चहा बंद, आणि झोप न आल्यास उठून बसणं. रोज सकाळी वहीच्या मागच्या पानावर चार आकडे लिहा. कधी आडवे झालो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलो. आकडे अंदाजाने चालतील, त्यासाठी रात्री घड्याळ बघायचं नाही.

चौदा दिवसांनी ते पान बघा. एका रात्रीवरून निकाल लावू नका, एका दिवसाच्या गल्ल्यावरून आपण दुकान चाललं की बुडालं ठरवत नाही. दोन आठवड्यांची सरासरी काढा. जाग कमी झाली असेल तर अंथरुणातल्या वेळेचा हिशोब लागू करा. अजिबात फरक नसेल तर तेच पान घेऊन डॉक्टरकडे जा. डॉक्टरांना 'झोप येत नाही' या वाक्यापेक्षा त्या चौदा ओळींचा जास्त उपयोग होतो.

आज संध्याकाळी शटर ओढण्याआधी दहा मिनिटं काढा, एक उभी रेघ मारा आणि पहिली ओळ लिहा. तेवढंच आजचं काम.